गाळलेलं चौथं कडवं

आई गेली ती मार्गशीर्षात, पहाटे साडेचारला, आणि मामा साडी घेऊन पोचला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सवाष्ण गेली की तिला माहेरची हिरवी साडी नेसवतात, आता अशी साडी कोण आधी आणून ठेवणार, त्यामुळे मामाने ओळखीच्या दुकानदाराला घरून बोलावून दुकान उघडायला लावलं आणि हाताला लागली ती हिरवी घेतली. पातळ सिंथेटिक, बारीक जरीचा काठ, दुकानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आत्या, काकू, शेजारच्या दोघी अशा सगळ्यांनी मिळून तिला ती नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, ओटी भरली. कुणीतरी म्हणालं अगदी नवरीसारखी दिसतेय. कुणीतरी म्हणालं अहेवपणी गेली, भाग्याची गेली. मी पायाशी उभी होते आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की ह्या साडीत हिला थंडी वाजणार.

आई थंडीला फार कच्ची. दिवाळी झाली की तिच्या अंगात स्वेटर चढायचा तो होळीलाच उतरायचा. कुठल्याही दुकानात कापड घेताना आधी ते उजेडात धरून आरपार बघायची, मग दोन बोटांत चोळायची, मग भाव विचारायची. तर मी आतल्या खोलीत जाऊन तिची राखाडी शाल घेऊन आले. आत्याने माझा हात धरला आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "अगं आता कशाला, तिला कुठे थंडी वाजतेय." तिचं बरोबरच होतं. मी शाल घडी करून परत ठेवली.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे तेच कळत नव्हतं. आणि मग ती मला एका कवितेत सापडली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट नावाच्या छोट्या गावात राहणाऱ्या एका बाईने ती साधारण 1863 मध्ये लिहिली होती. गंमत नाही, खरंच सांगते, मी ती कविता वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच वाचली होती. पण तेव्हा ती ओळ त्यात नव्हती.

एमिली डिकिन्सन. "बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ" ह्या ओळीने सुरू होणारी कविता. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला लायब्ररीत एक जुनं, पाठ निघालेलं इंग्लिश कवितांचं पुस्तक होतं, त्यात ती "द चॅरिअट" म्हणजे "रथ" अशा नावाने छापलेली होती. पाच कडवी. मला मरणासाठी थांबायला सवड नव्हती, म्हणून तोच माझ्यासाठी थांबला, केवढा त्याचा चांगुलपणा. गाडीत आम्ही दोघंच, आणि तिसरी अमरता. आम्ही सावकाश निघालो, त्याला घाई नव्हतीच, आणि त्याच्या सौजन्याला मान देऊन मीही माझं काम आणि माझा आराम दोन्ही बाजूला ठेवलं. मग शाळा मागे पडली, धान्याची शेतं मागे पडली, मावळता सूर्य मागे पडला. मग एका घरापाशी थांबलो, जे घर म्हणजे जमिनीला आलेला नुसता उंचवटा होता. त्याला आता शतकं झाली, पण घोड्यांची तोंडं अनंताकडे आहेत असं पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवसापेक्षा ती शतकं छोटी वाटतात.

तेव्हा मला ती आवडली होती, म्हणजे आवडते तशी आवडली होती. शांत कविता, मरणाला न घाबरणारी बाई, परीक्षेत लिहायला सोपी.

आई गेल्यानंतर चारेक वर्षांनी एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर तीच कविता पाठवली, आणि वाचता वाचता सूर्यापाशी मी अडखळले, कारण सूर्य मागे पडल्यावर तिथे एक अख्खं कडवं होतं जे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यात ती स्वतःचंच बोलणं दुरुस्त करते. म्हणते, नाही, खरं तर त्यानेच आम्हाला मागे टाकलं. आणि मग दंव उतरायला लागतं, थरथरतं, गार. कारण तिच्या अंगात नुसता गॉझमरचा गाऊन आहे. आणि खांद्यावरचा शेला, तो नुसता ट्यूलचा.

गॉझमर म्हणजे हवेत तरंगणारं कोळ्याचं सूत, आणि तसलंच झिरझिरीत कापड. ट्यूल म्हणजे बारीक जाळी, नवरीच्या डोक्यावरून सोडतात ती, त्याच नावाच्या फ्रेंच गावावरून आलेला शब्द. म्हणजे ही बाई लग्नाला निघाल्यासारखी नटून गाडीत बसलीये, सूर्य निघून गेला, आणि आता तिला थंडी वाजतेय. मी रिक्षात होते, ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन उतरलेच नाही, रिक्षावाल्याला म्हटलं पाच मिनिटं थांबा.

त्यानंतर ह्या कवितेचं आणि तिच्या बाईचं जे मिळेल ते वाचलं, कारण ते कडवं कुठे गेलं होतं हे मला कळायलाच हवं होतं. 15 मे 1886 ला एमिली गेली, वय 55. जिवंतपणी तिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच कविता छापून आलेल्या, त्याही बिननावाच्या. ती गेल्यावर धाकटी बहीण लव्हिनियाला तिच्या खोलीत कागद सापडले, हाताने शिवलेल्या छोट्या छोट्या 40 वह्या आणि शिवाय सुटी पानं, सगळ्या मिळून जवळजवळ 1800 कविता. लव्हिनियाने त्या छापून आणायच्याच असा ध्यास घेतला, आणि शेवटी गावातलीच मेबल लूमिस टॉड आणि एमिलीशी पत्रव्यवहार असलेला लेखक टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन ह्या दोघांनी निवड करून, दुरुस्त करून 1890 मध्ये बॉस्टनमधून पहिलं पुस्तक काढलं. ह्या दोघांचं ऋण आहेच, ते नसते तर आपल्याला काही मिळालं नसतं. पण त्यांनी तिच्या आडव्या रेघा काढून स्वल्पविराम घातले, कवितांना नावं दिली, यमकं नीट केली, शाळेतली मधल्या सुट्टीत रिंगण करून झटणारी मुलं होती त्यांना नुसतं खेळायला लावलं. आणि ह्या कवितेतलं चौथं कडवं गाळलं. टॉमस जॉन्सनने तिच्या सगळ्या कविता हस्तलिखितांवरून जशाच्या तशा छापल्या त्या 1955 मध्ये, म्हणजे जवळजवळ पासष्ट वर्षं बहुतेक लोक ही कविता थंडीशिवाय वाचत होते. आणि जुनी पुस्तकं लायब्रऱ्यांत टिकून राहतात, त्यामुळे मीसुद्धा.

ते कडवं का खटकलं असेल ह्याचा माझा अंदाज असा. तिच्या कविता चर्चमधल्या प्रार्थनागीतांच्या चालीत बसतात, पहिल्या ओळीत 8 शब्दावयव (सिलॅबल), दुसरीत 6, परत 8, परत 6, लहानपणापासून कानावर पडलेली चाल, आपल्याकडे ओवी कशी न शिकवता येते तशी. अख्खी कविता ह्या चालीत गाडीसारखी डुलत चालते. फक्त चौथ्या कडव्यात उलटं होतं, पहिली ओळ 6 ची आणि दुसरी 8 ची. चाकाखाली दगड यावा तसं होतं, आणि ते नेमकं तिथेच होतं जिथे ती म्हणते की नाही, आम्ही नाही, तो पुढे गेला. कडवं काढून टाकलं की चाल परत सरळ. अर्थही सरळ. एक भली बाई एका भल्या गृहस्थाबरोबर देवाघरी गेली, एवढंच उरतं.

ह्या कवितेला गॉथिक, म्हणजे जुन्या भयकथांच्या वळणाची, म्हणतात, पण खरं सांगायचं तर तो शब्द मला हिच्याबद्दल आधी पटायचाच नाही. गॉथिक म्हटलं की पडके किल्ले, तळघरं, वादळी रात्र, करकरणारी दारं, असलं डोळ्यासमोर येतं, आणि इथे तर संध्याकाळची फेरी आहे. पण ह्या कवितेच्या मागे एक जुनी गोष्ट उभी आहे. गॉटफ्रीड ब्युर्गर नावाच्या जर्मन कवीची "लेनोरे" ही कथाकविता, 1774 मध्ये छापून आली आणि 1796 मध्ये तर इंग्रजीत तिची एकापेक्षा जास्त भाषांतरं एकाच वर्षात निघाली, इतकं लोकांना तिने पछाडलं. लेनोरेचा प्रियकर लढाईवरून परत येत नाही. ती देवाला बोल लावते. मग मध्यरात्री तो घोड्यावरून दाराशी येतो, म्हणतो चल, आत्ताच लग्न करू, आणि तिला मागे बसवून घोडा फेकतो. गावं, माळ, पूल सगळं सपासप मागे पडतं आणि तो परत परत म्हणतो, मेलेली माणसं वेगात दौडतात. शेवटी स्मशान, त्याच्या अंगावरचं मांस गळून हाडांचा सापळा, आणि लग्नाची शेज म्हणजे उघडी कबर.

आता ही गोष्ट आठवून डिकिन्सनची दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ वाचा. आम्ही सावकाश निघालो, त्याला घाई ठाऊकच नव्हती. तिने सगळा सांगाडा तोच ठेवलाय, न्यायला आलेला पुरुष, वाहन, नवरीचे कपडे, शेवटी जमिनीतलं घर. फक्त वेग काढून घेतला. आरडाओरडा काढून घेतला. घोडा उधळला असता तर उडी तरी मारता आली असती, पण इतक्या सभ्य माणसाच्या गाडीतून कोण उडी मारणार! तो अदबीने थांबलाय, सोबतीला तिसरी व्यक्ती आहे म्हणजे लोकलाजेचंही भागलंय, कुठे चाललो हे विचारणं बरं दिसत नाही, आणि तिने विचारलंच नाही. घोड्यांची तोंडं कुठे आहेत ह्यावरून तिला अंदाज आला. मला ह्याच्याइतकं भीतीदायक दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही.

आपला यम रेड्यावर बसून फास घेऊन येतो म्हणून आपण त्याला राकट समजतो, पण वटपौर्णिमेची गोष्ट ऐका, सावित्रीशी तो किती नीट बोलतो. बाई, परत फिर, दमशील, असं म्हणतो. वर देतो. फरक एवढाच की सावित्री चालायची थांबत नाही आणि बोलायचीही थांबत नाही, आणि ॲमहर्स्टची ही बाई हातातलं काम ठेवून गाडीत बसते आणि गप्प राहते. आई दरवर्षी वडाला दोरा गुंडाळायची. काय मागायची ते उघड आहे, आणि तिने मागितलं ते तिला मिळालंही, बाबा मागे राहिले, ती हिरव्या साडीत गेली. भाग्याची गेली म्हणणाऱ्या बायकांचं मी तेव्हा मनातून काही ऐकून घेतलं नाही. त्या वाईट मनाने म्हणत नव्हत्या. पण गेलेल्या बाईला नवरी करणं हे आमच्या घरात चांगुलपणाने, मायेने, रीतीने चाललं होतं आणि तरी त्यात काहीतरी इतकं गार होतं की मला शाल आणावीशी वाटली. गॉथिक म्हणजे काय हे मला त्या सकाळी कळलं असणार, शब्द नंतर मिळाला.

डिकिन्सनला हे सगळं दूरून सुचलेलं नाही. ती नऊ वर्षांची असताना, 1840 मध्ये, तिचं कुटुंब नॉर्थ प्लेझंट स्ट्रीटवरच्या घरात राहायला गेलं आणि पुढची पंधरा वर्षं तिथेच होतं. घराला लागूनच गावाचं वेस्ट सेमेटरी. गावातली प्रत्येक प्रेतयात्रा तिच्या खिडकीसमोरून संपायची. 1844 मध्ये तिची जवळची मैत्रीण आणि चुलत नात्यातली सोफिया हॉलंड तापाने गेली, एमिली तेरा वर्षांची होती. तिला शेवटचं बघू द्या म्हणून ती हट्टाने गेली, बूट काढून, पाऊल न वाजवता खोलीत शिरली आणि तो चेहरा बघत उभी राहिली, शेवटी लोकांनी तिला बाजूला नेलं. नंतर दोन वर्षांनी एका पत्रात तिने हे लिहिलंय. ती इतकी उदास झाली की घरच्यांनी तिला हवापालटासाठी बॉस्टनला मावशीकडे पाठवलं. आणि ही कविता लिहिली तेव्हा तर देशात यादवी युद्ध पेटलेलं, 1862 च्या मार्चमध्ये ॲमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा तरुण मुलगा फ्रेझर स्टर्न्स लढाईत पडला होता, ज्याला गावात सगळे ओळखत होते. 1863 ह्या एका वर्षात तिने जवळजवळ 300 कविता लिहिल्या. मरण तिच्यासाठी रोज रस्त्यावरून जाणारी गाडी होती, तिने फक्त त्यात बसून पाहिलं.

आमच्या गावातल्या त्या गाडीला वैकुंठरथ म्हणतात. नगरपालिकेची व्हॅन, दोन्ही बाजूंनी फुलांची चित्रं, मागे दार, आत मधोमध तिरडी ठेवायची जागा आणि कडेला दोन बाकडी. "रथ"च. 1890 च्या त्या संपादकांनी कवितेला दिलेलं नाव मला कॉलेजात जड वाटायचं, आता अजिबात वाटत नाही. बायका कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरतात आमच्याकडे, पण मी बाबांना म्हटलं मी येणार, आणि बाबा हो म्हणाले. मी आईच्या पायाशी डाव्या बाकड्यावर बसले. आमच्या वाटेवर शाळा नव्हती. पेट्रोल पंप लागला, रसवंती लागली, बंद पडलेली, ऊसाची मोळी टेकवलेली तशीच, मग नदीचा उतार. ड्रायव्हर फार सावकाश चालवत होता, प्रत्येक स्पीडब्रेकरला जवळजवळ थांबत होता, आणि त्याचं ते सावकाश चालवणं मला त्या दिवसातली सगळ्यात मोठी दया वाटली. मागचं दार नीट बसत नव्हतं, त्यातून वारा येत होता. साडीचा पदर हलत होता. मी तो हाताने दाबून धरला, पार नदीपर्यंत.

कवितेतली बाई घरापाशी पोचते तेव्हा ती "थांबलो" असं म्हणते, "पोचलो" नाही. आत गेलो असंही कुठे म्हणत नाही. छप्पर जेमतेम दिसतंय, खालची पट्टी जमिनीत गेलेली आहे, आणि पुढच्याच ओळीत शतकं उलटून गेलेली. मधलं काहीच नाही. तो गृहस्थही नंतर दिसत नाही, त्याचं नाव निघत नाही. ती कुठून बोलतेय मग, हे कळतं तेव्हा पाठीतून कळ जाते, कारण पहिल्या ओळीपासून आपण एका मेलेल्या बाईचं बोलणं ऐकत होतो आणि ती इतकी नीट, इतकी शांत बोलत होती की शंका आली नाही. भूत म्हणावं तर भूत, पण कुणाला छळायला आलेलं नाही. त्या एका दिवसाची आठवण काढत बसलंय.

आणि मरणाला गाडी देणारी ही बाई स्वतः मात्र गाडीतून गेली नाही. तिने सांगूनच ठेवलं होतं तसं. पांढरी शवपेटी, आत पांढरे कपडे, बहिणीने हातात ठेवलेली हेलिओट्रोपची दोन फुलं. हिगिन्सनने इंग्रज लेखिका एमिली ब्रॉंटेची एक कविता वाचली. मग तिच्या वडिलोपार्जित घरी राबणाऱ्या सहा आयरिश कामगारांनी पेटी उचलली, मागच्या दाराने बाहेर काढली, बागेतून, उघड्या कोठारातून आरपार, आणि मग पिवळी फुलं आलेल्या शेतातून चालत चालत त्याच वेस्ट सेमेटरीत. मे महिना होता. घर सगळ्या वाटेत नजरेच्या टप्प्यात राहावं अशी ती वाट होती. मला हे फार बरं वाटतं, की मे महिना होता, आणि माणसांनी खांदा दिला.

गेले काही महिने मी ते चौथं कडवं मराठीत करायचा प्रयत्न करतेय. बाकीच्या कवितेला हात लावलेला नाही, हे एकच. एक गोष्ट मराठीत आपसूक जमते. इंग्रजीत ती सूर्यालाही "he" म्हणजे "तो" म्हणते आणि मरणालाही "he", त्यामुळे पुढे निघून गेला तो कोण ह्याचा क्षणभर गोंधळ होतो आणि तो व्हायलाच हवा. मरण न म्हणता मृत्यू म्हटलं की आपल्याकडेही दोघं "तो". गॉझमरलाही शब्द होता. ट्यूलपाशी मात्र अडले होते. नेट म्हटलं तर लग्नाच्या दुकानातला झगा दिसतो, मलमल तर उबदारच वाटते, जाळी म्हटलं तर खिडकीची.

मग परवा कपाट आवरताना ती राखाडी शाल निघाली आणि सवयीने मी ती उजेडात धरली, आई धरायची तशी, आणि आईचा शब्द तिच्याच आवाजात आठवला, दुकानदाराला कापड परत करताना ती जो म्हणायची. विरविरीत आहे हो, ह्याने काय थंडी जाणार.

वहीत सध्या एवढं आहे:

नाही, तोच गेला पुढे.
दंव उतरत आलं, थरथरतं, गार,
अंगात माझ्या नुसतं कोळ्याचं सूत
आणि खांद्यावर शेला, विरविरीत फार.